फेलिनी वडशात समजतो

फेडेरिको फेलिनी म्हटले की रसिकांना स्वप्ने आणि सर्कस आठवते. चित्रपट रसग्रहणाच्या वर्गात मी मात्र सुरुवात १९५० च्या ‘व्हरायटी लाइट्स’पासून करतो. आल्बेर्तो लातुआदाच्या जोडीने दिग्दर्शित केलेला हा फेलिनीचा पहिलाच चित्रपट. तो चालला नाही आणि दोघांचेही पैसे बुडाले. त्यातली गावोगाव फिरणारी फाटकी नाटकमंडळी आमच्या वडशात कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

धान घरात आले की पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीच्या हाती पैसा खुळखुळतो आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. नाट्यमंडळांची कार्यालये वडशात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याची गावे इथे येऊन मंडई-शंकरपटातल्या नाटकांच्या तारखा पक्क्या करतात. रात्री उशिरा पडदा उघडतो, पहाटे पडतो, की लगेच सामान गाडीत आणि पुढचे गाव.

फेलिनीची मंडळीही अशीच. एक वकील त्यांना रात्री आपल्या वाड्यावर जेवायला नेतो. त्याची नजर नव्या पोरीवर, लिलियानावर असते. मंडळीचा म्होरक्या केक्को मध्ये कडमडतो आणि सगळ्यांची हकालपट्टी होते. पहाटे ही वरात पायी परत निघते. फेलिनी इथे हसवतो, पण त्यांना हिणवत नाही. रोसेलिनीच्या ‘रोम, ओपन सिटी’च्या (१९४५) पटकथेत त्याचा हात होता, युद्धानंतरची उपासमार त्याने जवळून पाहिली होती.

आपल्याकडे ‘पिंजरा’ (१९७२) पाहा. १९३० च्या जर्मन ‘द ब्ल्यू एंजेल’च्या वळणाने तिथे मास्तर तमाशातल्या बाईपायी मातीमोल होतो. केक्कोही लिलियानापायी मंडळी सोडतो, पैसा उधळतो, आणि ती त्याला टाकून मोठ्या कंपनीत जाते. पण फेलिनी त्याला मारत नाही. स्टेशनवर ती ऐटीत मिलानच्या गाडीने निघून जाते. हा मुकाट जुन्या मंडळीत, जुन्या वाग्दत्त वधूजवळ परततो आणि डब्यात समोर बसलेल्या नव्या मुलीशी गप्पा सुरू करतो! माणूस सुधारत नाही, खेळ थांबत नाही.

मराठी पडद्यावर लोककलावंताची शोकांतिकाच फार झाली. झाडीपट्टीचा नट बहुधा शेतकरी असतो. हंगामात रंग लावतो, पावसाळ्यात रोवणीला उतरतो. गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती झाडीपट्टी रंगभूमीवरच्या कामगिरीसाठी; लोकांना ते पोट धरून हसवतात. अशा माणसांचा चित्रपट रडका कशाला हवा? त्यात इसार, भांडणे, रुसवेफुगवे, उशिरा आलेली गाडी, ऐनवेळी बदललेली नायिका, असे सगळे यावे.

तरुण दिग्दर्शकांनो, कथा शोधत मुंबईत बसू नका. हंगामात वडशाला या, एखाद्या मंडळाच्या गाडीत जागा मागा आणि आधी चार रात्री नुसते नाटक पाहा.