व्हीलचेअरवरून पॉम्पेई

इटलीतील पॉम्पेई शहराचे नाव आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि हे नांदते रोमन शहर राख आणि दगडांच्या थराखाली गाडले गेले. 1748 पासून तेथे उत्खनन सुरू आहे. सुमारे 66 हेक्टरच्या या शहराचा जवळपास दोन तृतीयांश भाग आज उघडा झाला आहे. रस्ते, घरे, दुकाने, हमाम सगळे जागच्या जागी आहे. पण हे सारे पायी फिरून पाहायचे असते. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, त्यांनी काय करायचे?

हा प्रश्न आमच्या घरातलाच होता. माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त रोमला असतो. दिवाळीच्या सुट्टीत मी अम्मींना घेऊन त्याच्याकडे गेले. अम्मींचे वय 71, दोन्ही गुडघे झिजलेले. काठी टेकत चाळीस-पन्नास पावले चालतात, मग बसावेच लागते. निघण्यापूर्वी नातेवाइकांनी दोन सल्ले दिले होते. एक, अम्मींना भावाच्या घरीच आराम करू द्या. दुसरा, ती तर अजाबाची जागा, तिथे जायचेच कशाला? अम्मींनी दोन्ही शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "इतक्या दूर जाऊन मी खिडकीतून रस्ता बघत बसू का? आणि इबरत घ्यायची तरी आधी डोळ्यांनी बघावे लागते." त्यांची अट एकच होती. त्यांना कुणी उचलून न्यायचे नाही. चाक जाईल तिथपर्यंत त्या जातील.

पॉम्पेईत चाक कुठवर जाते, हे तुम्ही कोणत्या दरवाजाने आत शिरता यावर ठरते. बरेच पर्यटक पोर्ता मरीना या जुन्या वेशीतून येतात. तिथे दगडी फरसबंदीचा उभा चढ आहे. अँफिथिएटर चौकाकडचे प्रवेशद्वार मात्र सपाटीवर आहे. तिथूनच 'पॉम्पेई पेर तुत्ती', म्हणजे 'सर्वांसाठी पॉम्पेई', नावाचा मार्ग सुरू होतो. डिसेंबर 2016 मध्ये तो खुला झाला. तीन किलोमीटरहून लांब असलेला हा मार्ग थेट फोरमपर्यंत आणि पुढे व्हीनसच्या मंदिरापर्यंत नेतो. उंच पायऱ्यांच्या जागी उतार केले आहेत आणि खडबडीत भागात चालण्याची पट्टी सपाट केली आहे. जुन्या दगडांना धक्का न लावता हे काम झाले आहे.

हा मार्ग नसता तर काय झाले असते, ते मूळ रस्ते पाहिले की कळते. ते ज्वालामुखीच्याच काळ्या, टणक दगडाचे आहेत. दोन्ही बाजूंना उंच फुटपाथ, मधला रस्ता खोलगट. या रस्त्यांवरून पाणी आणि घाण वाहत असे. म्हणून ओलांडण्याच्या ठिकाणी मोठमोठे दगड ओळीने बसवले आहेत, म्हणजे माणसांनी पाय न भिजवता पलीकडे जावे. दगडांमधल्या फटी बैलगाडीची चाके जातील अशा मापाच्या आहेत. शेकडो वर्षे गाड्या जाऊन दगडांत खोल चाकोऱ्या पडल्या आहेत. चाकांसाठी एवढा विचार करून बांधलेला रस्ता, पण व्हीलचेअरची पुढची छोटी चाके त्यात नेमकी अडकतात. अम्मी वाकून त्या चाकोऱ्या बघत राहिल्या. "आपल्या गावच्या जुन्या वाटेसारख्याच आहेत," त्या म्हणाल्या.

अँफिथिएटरची गोल भिंत आम्ही बाहेरूनच पाहिली. सुमारे इसवी सनपूर्व 70 मधले हे बांधकाम आहे आणि दगडी अँफिथिएटरांपैकी आज टिकून असलेले हे सर्वांत जुने मानतात. सुमारे 20 हजार लोक इथे बसत. इसवी सन 59 मध्ये पॉम्पेईचे लोक आणि शेजारच्या नुकेरियाचे लोक यांच्यात खेळ सुरू असतानाच मोठी दंगल झाली आणि रोमने इथले खेळ दहा वर्षांसाठी बंद केले. हे ऐकून भाऊ हसला, "आपा, मॅचमधली भांडणे तेव्हापासूनची आहेत तर!"

पुढे लागतो 'व्हिया देल अबोंदान्त्सा', म्हणजे समृद्धीचा रस्ता. हा इथला मुख्य बाजार. व्हीलचेअरवरून सर्वांत छान दिसतो तो हाच, कारण बरीचशी दुकाने रस्त्याकडे उघडी आहेत. गरम खाण्याच्या दुकानांचे दगडी ओटे आहेत आणि त्यांत मातीचे रांजण गळ्यापर्यंत बसवलेले आहेत. अशी 80 च्या आसपास दुकाने या शहरात सापडली आहेत. स्तेफानुसची धोबीशाळा आहे. तिथे कपडे हौदांत पायांनी तुडवून धूत असत. भिंतींवर निवडणुकीचा प्रचार रंगवलेला आहे, अमक्याला निवडून द्या आणि आमच्या धंद्याच्या लोकांचा त्याला पाठिंबा आहे, अशा मजकुराचा. माझ्यासारख्या नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईला तिथून हलावेसे वाटेना.

सगळीकडे चाक जात नाही, हेही सांगायला हवे. अनेक घरांचे उंबरे उंच आहेत, आडगल्ल्या अरुंद आहेत आणि नाट्यगृहांच्या पायऱ्या उतरता येत नाहीत. अशा जागी मी आणि भाऊ आळीपाळीने आत जाऊन येत होतो. अम्मी चौकातल्या दगडी पाणपोईजवळ थांबल्या. शहरात अशा सुमारे 40 पाणपोया होत्या. आम्ही परत आलो तर अम्मींनी आम्हालाच काही दाखवले. पाणपोईच्या काठावर एका ठिकाणी दगड खोल झिजला होता. पाणी पिणारे तिथे हात टेकून वाकत. घाईत गेलेल्या आम्हा दोघांना तो दिसलाच नव्हता.

दुपारी एका सावलीच्या कोपऱ्यात आम्ही जोहरची नमाज पढलो, अम्मींनी खुर्चीतच. मग फोरमला पोचलो. हा शहराचा मोठा चौक. इथे गाड्यांना तेव्हाही बंदी होती, म्हणून तोंडाशी दगड उभे केलेले आहेत. आज मात्र अम्मींची गाडी उतारावरून सहज आत आली. समोर ज्युपिटरच्या मंदिराचे अवशेष आणि त्यामागे व्हेसुव्हियस, शांत आणि निळसर.

तिथे बसून मी अम्मींना 2018 मध्ये सापडलेल्या एका माणसाविषयी सांगितले. मे महिन्यात उत्खननात तिशी ओलांडलेल्या एका पुरुषाचा सांगाडा मिळाला. त्याच्या नडगीच्या हाडावर जुन्या संसर्गाच्या खुणा होत्या. त्याला चालायला बराच त्रास होत असावा, असे तज्ज्ञांनी सांगितले. स्फोटाच्या पहिल्या टप्प्यातून तो वाचला होता, पण पळून जाणे त्याला जमले नाही. जवळ थोडी नाणी होती. अम्मी बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी विचारले, "त्याच्यासोबत कुणीच नव्हते का?"

हाडे पाहून याचे उत्तर देता येत नाही. पण अजाबाच्या जागेची इबरत कुठली, असे मला कुणी विचारले, तर मी अम्मींचा हा प्रश्न सांगेन.

दुसऱ्या दिवशी नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयात पॉम्पेईत 1938 मध्ये सापडलेली वीतभर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहिली. ती भारतातून गेलेली आहे. तळाशी खरोष्ठी लिपीतले अक्षर आहे आणि दोन्ही हात बांगड्यांनी भरलेले आहेत. अशाच घडणीच्या मूर्ती तेर इथे आणि आमच्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडल्या आहेत, आणि ही मूर्तीही भोकरदनकडचीच असावी, असे काही अभ्यासक मानतात. "बघा, आपल्याकडची वस्तूही इतका सफर करून आली," मी म्हणाले. अम्मींनी लगेच उत्तर दिले, "मग मी का येऊ नये?"

घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांसाठी थोडे अनुभवाचे सांगते. प्रवेश अँफिथिएटर चौकातूनच करा. व्हीलचेअरची चाके शक्यतो मोठी आणि रुंद असावीत. बसायला जाड उशी घ्या, कारण दगडांचे हिसके कमरेला लागतात. ढकलणारे दोघे असावेत. दगडांची फट आली तर खुर्ची किंचित मागे कलवून पुढची चाके उचला. उतारावरून खुर्ची नेहमी उलटी, पाठीच्या बाजूने उतरवा. उन्हाळा टाळा, सावली फार कमी आहे. पाण्याची बाटली मात्र आत भरून घेता येते, काही जुन्या पाणपोयांना आजही पाणी आहे. जाऊन-येऊन सगळा मार्ग एका दिवसात झालाच पाहिजे, असा हट्ट नको. निम्मा पाहिला तरी पुष्कळ होते.

आणि निघण्यापूर्वी त्यांनाच विचारा, कुठवर जायचे आणि कुठे थांबायचे. आपण प्रेमाने म्हणतो, "तुम्ही घरी आराम करा," आणि त्यांच्या वतीने निर्णय घेऊन टाकतो. रस्ता करणाऱ्यांनी रस्ता केला आहे. ढकलायला दोन हात आणि थोडा जास्त वेळ, एवढे तर आपल्या घरातूनही देता येते.