‘म्हणे’ गळून पडते तेव्हा

आपल्या भाषेत एक लहानसा शब्द आहे. आपण तो दिवसातून अनेकदा उच्चारतो आणि त्याच्याकडे क्वचितच लक्ष देतो. “आज बस उशिरा येणार म्हणे”, “कापसाचा भाव उतरला म्हणे”, “त्यांच्या घरी भांडण झाले म्हणे”. या वाक्यांच्या शेवटी आलेला ‘म्हणे’ मूळचा ‘म्हणणे’ या क्रियापदाचा असला, तरी येथे तो क्रियापदाचे काम करीत नाही. त्याला कर्ता नाही. लिंग-वचनाप्रमाणे तो बदलत नाही. बोलणारा त्याच्याद्वारे एवढेच सांगतो, की हे मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे.

संस्कृतात ‘किल’ हे अव्यय असेच काम करते. तुर्की भाषेत तर स्वतः पाहिलेल्या आणि इतरांकडून कळलेल्या घटनेसाठी क्रियापदाची दोन वेगळी रूपे आहेत. मराठीत मात्र ‘म्हणे’ ऐच्छिक आहे. तो वगळला तरी वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष राहते. व्याकरण ज्याची सक्ती करीत नाही, त्याची जबाबदारी बोलणाऱ्याच्या विवेकावर येते. दुसऱ्याच्या अब्रूचा प्रश्न या ऐच्छिकतेशी किती जवळून बांधलेला आहे, हे मला या लेखात तुमच्यापुढे मांडायचे आहे.

धुळे आणि जळगाव येथे भाषाविज्ञान शिकविताना मी वर्गात एक प्रयोग करीत असे. पहिल्या बाकावरच्या विद्यार्थ्याच्या कानात सांगायचे, “ग्रंथालय शनिवारी बंद राहणार म्हणे.” त्याने ते शेजाऱ्याला सांगायचे, शेजाऱ्याने पुढच्याला. शेवटच्या बाकापर्यंत वाक्य पोहोचे तेव्हा ते बहुधा असे झालेले असे : “ग्रंथालय शनिवारपासून बंद झाले.” मुले हसत. त्यांच्यापैकी कोणीही खोटे बोललेले नसे. प्रत्येकाने वाक्य थोडे नीटनेटके केलेले असे आणि त्या नीटनेटकेपणात सर्वांत आधी ‘म्हणे’ गळालेला असे. ऐकीव गोष्टीची वस्तुस्थिती होण्यासाठी लबाडाची गरज नसते. चार घाईची माणसे पुरतात.

ग्रंथालयाविषयीच्या वाक्याने फारसे बिघडत नाही. परंतु त्या जागी एखाद्या माणसाविषयीचे वाक्य ठेवून पाहा.

१ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे त्या दिवशी आठवडे बाजार भरला होता. भिक्षा मागण्यासाठी या भागात आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे पोहोचले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या दिवसांत भ्रमणध्वनीवरून सर्वत्र पसरत होते. या पाच जणांपैकी एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला आणि त्यावरून संशय बळावला, असे त्या वेळच्या वार्तांकनात आले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले आणि तेथे पाचही जणांना मारहाण करून ठार केले. कोणाचेही मूल त्यांनी पळविलेले नव्हते.

भाषेचा अभ्यासक म्हणून मी या घटनेकडे पाहतो तेव्हा मला दोन वाक्ये दिसतात. “मुले पळविणारी टोळी आली आहे म्हणे” हे पहिले आणि “हेच ते” हे दुसरे. पहिल्या वाक्यात निदान शंकेला जागा आहे. दुसऱ्यात ती नाही, आरोपीचे नावही नाही. केवळ बोट आहे. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतच्या प्रवासात ‘म्हणे’ कोठे गळाला, हे कोणालाही सांगता येणार नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली, आणि संदेश दुसऱ्याकडून आलेला आहे हे दर्शविणारी खूणही त्यावर येऊ लागली. ती खूण म्हणजे यंत्राने परत चिकटविलेला ‘म्हणे’च होता. राईनपाड्याच्या त्या पाच जणांसाठी तो फार उशिरा आला.

खोट्या आरोपाला मराठीत अनेक शब्द आहेत : आळ, बालंट, तोहमत, किटाळ. यांतील ‘किटाळ’ या शब्दाचा मूळ अर्थ ठिणगी असा आहे. ज्या कोणी हा शब्द आरोपासाठी प्रथम वापरला, त्याने आरोपाचा स्वभाव अचूक ओळखला होता. ठिणगी ओल्या जमिनीवर पडली तर विझते. वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगावर पडली तर शेत घेते. तेव्हा ठिणगी कोणी टाकली याबरोबरच ढीग कोणी रचला, हेही विचारले पाहिजे.

भटक्या-विमुक्त समाजांच्या बाबतीत हा ढीग पिढ्यान्‌पिढ्या रचला गेलेला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. व्यक्तीने काय केले हे पाहण्याची गरजच त्या कायद्याला नव्हती. जातीचे नाव हाच आरोप आणि तोच पुरावा. हा कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. कायदा गेला, संशय मागे राहिला. ज्या जमातींची नावे त्या यादीत नव्हती, त्या फिरस्त्यांवरही त्या संशयाची सावली पडली. वास्तविक, डौर वाजवीत दारी येणारा डवरी गोसावी हा आपल्या गावगाड्याचा जुना पाहुणा. परंतु ओळख पुसट झाली, की पाहुण्याचा परका होतो आणि परक्यावर किटाळ लवकर पेटते.

याचा अर्थ ओळखीच्या माणसाला किटाळाचे भय नसते, असा नाही. माझ्या माहितीतील एका महाविद्यालयात ग्रंथालयात काम करणाऱ्या एका परिचरावर पुस्तके विकल्याचा आळ आला. “तो पुस्तके विकतो म्हणे” हे वाक्य आठवड्याभरात “तो पुस्तके विकतो” असे झाले. काही महिन्यांनी ती पुस्तके बांधणीसाठी पाठविलेल्या गठ्ठ्यांत सापडली. कोणी त्याची क्षमा मागितली नाही, कारण आपण आरोप केला होता असे कोणालाच वाटत नव्हते. प्रत्येकाने केवळ ऐकलेले सांगितले होते. तो निवृत्त होईपर्यंत ग्रंथालयातून बाहेर पडताना आपली पिशवी न विचारता उघडून दाखवीत असे.

‘अब्रू’ हा शब्द फारसीतून आलेला आहे. ‘आब’ म्हणजे पाणी, ‘रू’ म्हणजे चेहरा. अब्रू म्हणजे चेहऱ्यावरचे पाणी, तेज. सांडलेले पाणी भरून घेता येत नाही, हे या शब्दातच आहे. आळ घेणारे वाक्य चटकदार असते, म्हणून ते घरोघर पोहोचते. त्याचे खंडन नीरस असते, म्हणून ते सूचनाफलकावरच राहते.

हा दोष केवळ अशिक्षितांचा किंवा दुष्टांचा आहे, असे मात्र समजू नका. १८८२ मध्ये कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर गंभीर आरोप करणारा मजकूर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांतून प्रसिद्ध झाला. छत्रपतींविषयीची कळकळ त्यामागे होती. परंतु ज्या पत्रांच्या आधारे आरोप केले होते, ती बनावट निघाली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि टिळक व आगरकर यांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. त्या दिवसांची हकीकत आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस’ या पुस्तकात लिहिली. दोघांच्याही थोरवीला यामुळे उणेपणा येत नाही. हेतू शुद्ध असला म्हणून पुरावा शुद्ध ठरत नाही, एवढाच याचा बोध.

कायद्यानेही हा विचार केलेला आहे. भारतीय दंड संहितेचे कलम ४९९ आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेले भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ अब्रुनुकसानीची व्याख्या करतात. आरोप रचणे आणि तो प्रसृत करणे हे दोन्ही त्या व्याख्येत येतात. म्हणजे “मी फक्त ऐकलेले सांगितले” ही सबब तेथे आपोआप चालत नाही. त्याच कलमाला अपवादही जोडलेले आहेत. लोकहितासाठी सत्य सांगणे, अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने तक्रार करणे, यांना मोकळीक आहे. ती असायलाच हवी. अन्याय झालेल्या माणसाने अब्रुनुकसानीच्या धाकाने गप्प बसावे, असा समाज कोणालाही नको आहे. पीडितेची तक्रार आणि पारावरची कुजबुज यांत एक फरक आहे : तक्रार करणारी स्वतःचे नाव देते आणि चौकशी मागते; कुजबुज नाव लपविते आणि चौकशी टाळते.

म्हणूनच ‘म्हणे’चीही दोन रूपे ओळखली पाहिजेत. “मला खात्री नाही” असे प्रामाणिकपणे सांगणारा ‘म्हणे’ एक. आणि हवे ते बोलून अंग काढून घेण्यासाठी पांघरलेला ‘म्हणे’ दुसरा. दोन्हींची परीक्षा एकाच प्रश्नाने होते : “कोण म्हणे?” पहिल्या प्रकारचा वक्ता थांबतो, आठवतो, उत्तर देतो. दुसरा रागावतो.

राईनपाड्याचे नाव मी या लेखात घेतले आहे, म्हणून एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. त्या दिवशी ज्यांनी मारहाण केली, त्यांचा गुन्हा त्यांचा आहे. त्यावरून सगळ्या गावाला, तेथील सगळ्या आदिवासी बांधवांना ‘तसले लोक’ म्हणणे हे पुन्हा तेच किटाळ ठरेल. फक्त दिशा बदललेली असेल.

या घटकाचा अभ्यास करताना एक दिवस जवळ वही ठेवा. दुसऱ्या माणसाविषयी तुमच्या कानावर आलेली आणि तुमच्या तोंडून गेलेली वाक्ये जशीच्या तशी लिहून काढा. कोणत्या वाक्यात ‘म्हणे’ आहे, कोणत्यात असायला हवा होता, आणि कोणते वाक्य मुळीच पुढे जायला नको होते, हे प्रत्येकासमोर नोंदवा. वही कोणाला दाखवू नका. त्यात लोकांची नावे असतील.