पीएचडीचा खर्च कोण करतं?

आदिलाबादच्या आपल्या मराठी घरांत मूल हुशार निघालं की दोनच वाटा दिसतात: डॉक्टर, नाहीतर इंजिनिअर. मीही बी.ई. करून हैदराबादला सॉफ्टवेअरमध्ये लागलो आणि तिथे मजेत आहे. पण माझ्या मामेबहिणीने एम.एस्सी. फिजिक्सनंतर पीएचडीचं नाव काढलं, तेव्हा मामांचा मला फोन आला. "कापसाच्या भरवशावर अजून पाच वर्षं कसं शिकवू? तू समजाव तिला."

पुढच्या सुट्टीत मी मामांसमोरच कागद-पेन घेऊन बसलो.

विज्ञानात पूर्णवेळ संशोधन करणाऱ्याला दरमहा पैसे मिळतात, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. सीएसआयआर-नेटमधून जेआरएफ मिळाली, तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ झाल्यावर ४२,०००. जानेवारी २०२३ पासून हे दर आहेत. होस्टेल नसेल तर घरभाडं वेगळं. संस्थेची फी यातूनच भरता येते.

वाटा बऱ्याच आहेत. फिजिक्ससाठी जेस्ट आणि टीआयएफआरची स्वतःची परीक्षा आहे. मटेरियल सायन्ससाठी गेट चालते; बी.ई. झालेल्यांनाही आयआयएससी, आयआयटीत थेट पीएचडीला अर्ज करता येतो. लांबही जायला नको. हैदराबादेत सेंट्रल युनिव्हर्सिटी आहे, टीआयएफआरचं केंद्र आहे, जवळच कंदीला आयआयटी आहे. पुण्यात आयसर, आयुका आणि एनसीएल आहेत.

परदेशातही हीच रीत आहे. अमेरिकेत चांगल्या विद्यापीठांत फिजिक्सच्या पीएचडीला फी माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचा पगार मिळतो. जर्मनीत तर बऱ्याचदा नोकरीचा करारच होतो. मात्र तिथे साधारणपणे मास्टर्स लागतं. फिजिक्सच्या पीएचडीसाठी कुणी तुमच्याकडेच लाखो रुपये मागत असेल, तर दोनदा विचार करा.

दुसरी बाजूही मी मामांना सांगितली. पाच-सहा वर्षं जातात. फेलोशिपचे पैसे कधी उशिरा येतात. सोबतचे मित्र तोवर गाडी-फ्लॅट घेतात. आणि पुढे कायमची जागा मिळेलच, असं नाही.

मामा बराच वेळ कागद बघत राहिले. मग म्हणाले, "आणि लग्न?"

"बाबा, तो हिशेब दादाच्या कागदात नाही," बहीण म्हणाली. मामी आतून हसल्या.

आज ती बॅटरीत वापरायच्या पदार्थांवर काम करते. मागच्या वर्षी धाकट्या भावाची फी तिने भरली.

तुमच्या घरात कुणाला फिजिक्सची ओढ असेल, तर पैशाच्या भीतीने त्याला थांबवू नका. गेटचा फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतो आणि तिसऱ्या वर्षापासून भरता येतो. आवड खरी आहे का, एवढंच मुलाला विचारा. खर्चाचा हिशेब एका कागदात मावतो.