तेलावाचून माया

आमच्या जुन्नर-आंबेगावात माया तेलातुपातून वाहते. तान्ह्या बाळाची टाळू तेलाने भरायची, पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला बैलाचे खांदे हळद-तुपाने चोळायचे, दाराची बिजागरी कुरकुरली की स्वयंपाकघरातली बुधली तिच्यावर उपडी करायची. मोटारसायकलही या मायेतून सुटत नाही. गॅरेजच्या दारात जळक्या ऑइलचा डबा असतो. त्यात ब्रश बुडवून चेनला फासायचा, मागचं चाक हाताने गरागरा फिरवायचं. चेन-सॉकेटची खरखर निवली की मिस्त्री आणि मालक दोघेही खूश.

माझ्या मोटारसायकलीला चेनच नाही. गाडी बॅटरीवरची, मोटरचा जोर मागच्या चाकापर्यंत नेतो तो एक काळा, दातेरी पट्टा. त्याला तेल चालत नाही, ग्रीस चालत नाही, रॉकेल-पेट्रोलचा बोळाही नको. साबणाचं पाणी, मऊ ब्रश आणि नंतर स्वच्छ पाण्याची धार, एवढंच त्याचं न्हाणं. वडिलांना हे काही केल्या पटेना. विहिरीवरचं इंजिन त्यांनी जन्मभर तेला-पाण्यावर जपलेलं. "कोरडीच ठेवणार का रे तिला?" हे ते असं काही विचारत, जणू मी गोठ्यातलं जनावर उपाशी बांधून ठेवलंय.

खरं तर पट्टा आमच्या भागाला नवखा नाही. गावच्या पिठाच्या गिरणीत इंजिनाच्या चाकावरून जात्याच्या चाकावर धावणारा रुंद, सपाट पट्टा आमच्या पिढीने पाहिलाय. दळणाचा डबा घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या पोरांना पहिली ताकीद मिळायची ती पट्ट्यापासून लांब राहायची. तो पट्टा नुसत्या घर्षणावर चालायचा. घसरायला लागला की गिरणीवाला त्यावर राळ टाकायचा. जगातल्या सुरुवातीच्या कितीतरी मोटारसायकलीही चामड्याच्या पट्ट्यावरच धावल्या. पण चामडं पावसात भिजायचं, सैल पडायचं, घसरायचं. म्हणून चेन आली आणि पट्टा मागे पडला.

तो परत आला एका धाग्याच्या बळावर. १९६५ साली अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक या रसायनतज्ज्ञ बाईंच्या संशोधनातून जो धागा हाती लागला, तो पुढे केव्हलर नावाने जगभर पोचला. वजनाला हलका, ताणाला पोलादाहून चिवट. अशा धाग्यांचा कणा असलेला दातेरी पट्टा १९८० साली हार्ले-डेव्हिडसनने 'स्टर्जिस' या गाडीला बसवला. आपल्याकडे १९८०च्या दशकात कायनेटिक होंडाने बिनगिअरची स्कूटर आणली, तिच्यातही पट्टाच होता. पण दात्यांच्या पकडीवर नव्हे, तर दोन पुलींच्या खाचांत बसणाऱ्या निमुळत्या कडांवर चालणारा. आज मंचरच्या बाजारात उभ्या असलेल्या पेट्रोलच्या बिनगिअरच्या स्कूटरींच्या कव्हराआड तोच फिरतो आहे. तो दिसत नाही, म्हणून घाटात तुटेपर्यंत त्याची आठवणही कुणाला होत नाही.

या पट्ट्याची ताकद एकाच दिशेची. लांबीच्या दिशेने कितीही ओढा, तो हार जात नाही. पण घडी घाला, पिळा, आतली बाजू बाहेर उलटवा, की आतले धागे मोडतात. वरून काहीच दिसत नाही. मोडलेला पट्टा महिनाभर शहाण्यासारखा चालतो आणि एखाद्या चढाला अचानक दगा देतो. म्हणून नवा पट्टा खिळ्याला टांगायचा नाही, सुतळीने आवळायचा नाही. बसवताना सायकलच्या चेनसारखा स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून पुलीवर चढवायचा नाही. आधी चाकाचा आस ढिला करायचा, चाक पुढे सारायचं, मग तो आपसूक बसतो. नारायणगावच्या द्राक्षबागेत तरबेज बाई घड देठाला धरून उतरवते, मण्यावरची पांढुरकी पूड बोटाने पुसली जाऊ देत नाही. पट्ट्याला हात लावायचा तो तसा.

ताणाचंही तेच. सैल पट्टा दात्यांवरून उडी मारतो. फार आवळला तर बेअरिंगं खातो. चेन थोडी सैल-घट्ट चालून जाते. इथे गाडी गार असताना, पुस्तकात सांगितलेल्या जोराने पट्टा दाबून तो किती लवतो ते मोजावं लागतं. तेही चाक फिरवून दोन-चार जागी, कारण पुली सगळीकडे अगदी नेमकी गोल असतेच असं नाही.

खरा वैरी आमच्या रस्त्यांवर पसरलेला असतो. घोडेगाव सोडून डिंभ्याच्या पुढे भीमाशंकरकडे निघालं की पावसाळ्यात तांबडा चिखल आणि उखडलेली खडी. एवढासा खडा पट्टा आणि पुलीच्या मध्ये गेला तर आरपार भोक पाडतो. भोक मधोमध असलं तर त्यावर लक्ष ठेवून काही काळ निभतं. काठाला चीर गेली की मात्र पट्टा बदललेलाच बरा.

वडिलांनी अखेर आपली वाट काढली. तेलाची बुधली ठेवून दिली आणि सकाळी गाडीशेजारी उकिडवं बसून पट्टा न्याहाळायला सुरुवात केली. दाता न् दाता बघतात, अडकलेला खडा काडीने अलगद काढतात. चोळण्याची माया त्यांना आयुष्यभर येत होती. बघण्याची माया ते सत्तरीत शिकले. मला ती जास्त अवघड वाटते. काहीतरी लावलं, आवळलं, ठोकलं की आपण काही केल्याचं समाधान लगेच मिळतं. नुसतं रोज बघणं आणि गरज नसताना हात आखडता घेणं, याला धीर लागतो, आणि त्याचं कौतुक कुणी करत नाही.

तुमच्या दारात पेट्रोलची बिनगिअरची स्कूटर असेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगला कव्हर उघडायला लावा आणि पट्टा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. कडा झिजल्या असतील, आतून तडे गेले असतील, तर घाट चढायच्या आधी बदलून घ्या. मिस्त्रीचे हात तेलकट असतील, तर पट्टा हातात देण्याआधी त्याला हात धुवायला सांगा. त्यात संकोच करू नका.