अनुभवाचा दाखला

विद्यार्थी मित्रहो, शाळा सोडून आम्हांस पुष्कळ वर्षे लोटली. तथापि एक गोष्ट आपणांस सांगावीशी वाटते.

महाराष्ट्राच्या २०२० सालच्या विकास नियमावलीत, इमारतीच्या बळकटीची जबाबदारी घेणाऱ्या अभियंत्यास पदवी इत्यादींखेरीज निदान ३ वर्षांचा अनुभव लागतो. तोही आराखड्याचा व प्रत्यक्ष जागेवरचा. आमच्या रोजनिशीत तो भरला २ वर्षे ७ महिने. हिंगोलीस ज्यांच्या हाताखाली आम्ही काम केले, ते वडीलधारे अभियंते म्हणाले, "पाच महिन्यांचे काय एवढे! पुरी तीन लिहून देतो."

मोह पडला. घरी वडिलांच्या कानांवर घातले. ते हाडाचे गवंडी. एवढेच म्हणाले, "पोरा, ओळंबा कुणाची भीड धरीत नसतो." आम्ही दाखला घेतला नाही, कामावर राहिलो.

ता. १० जुलै २०२४ रोजी सकाळी हिंगोलीस ४.५ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला. शेजारी विचारू लागले, "घरात जावे की नाही?" एका भिंतीची भेग आम्हांस नुसती गिलाव्याची वाटली. आमच्या वरिष्ठांनी गिलावा खरवडून दाखविला. भेग आरपार गेलेली होती. आमच्या शब्दावर ते कुटुंब त्या रात्री तेथेच निजले असते!

ती चूक आम्ही रोजनिशीत तारखेसह नोंदविली. पुढे ३ वर्षे पुरी झाली, तेव्हा वरिष्ठांनी ते पान वाचले आणि मगच दाखल्यावर सही केली. बालमित्रहो, वही प्रामाणिक ठेवा. तिच्या भरवशावर कोणीतरी निजणार आहे.