गौरीमहाल कुठल्या मजल्यावर?

मुलगा-सून मे महिन्यात इटलीला जाऊन आली आणि समुद्रकाठच्या जिनोआ शहराचे चारशे फोटो मी सोफ्यावर बसून पाहिले. जुन्या गावातले अंधारे बोळ, सोनारांच्या नावाची गल्ली, कोलंबसाचं घर. घर मूळचं नव्हे, पडल्यावर पुन्हा बांधलेलं, तरी आत जायला तिकीट. मी म्हटलं, आमच्या कसब्यातला लाल महाल तरी कुठे मूळचा आहे? १९८८ साली उभा राहिलेला. आणि बोलता बोलता जीभ चावली. लाल महालातले शिवबा १६४० च्या सुमारास जिजाऊंबरोबर शहाजीराजांकडे येऊन राहिले ते याच बंगळुरात. मी इथे दोन वर्षं व्हाइटफील्डच्या चौदाव्या मजल्यावर भाजी निवडत बसले आहे, आणि राजांचा वाडा कुठे होता याची मला वार्ता नाही!

नातवाने फोनवर शोधून दिलं, "आजी, गौरीमहाल. चिकपेट." एवढ्या पत्त्यावर निघाले.

जांभळ्या मेट्रोने मॅजेस्टिकपर्यंत बसल्या जागी पोचले. तिथे हिरव्या लाइनला जायचं, पुढचंच स्टेशन चिकपेट. जिने चढले, जिने उतरले आणि गाडीत बसले. पुढचं स्टेशन आलं, ते चिकपेट नव्हतं. उलट दिशेची गाडी. पुन्हा जिने. जमिनीखालून एकदाची वर आले तर समोर हातगाडी, हातगाडीवर कापडाचे तागे, ताग्यांवर झोपलेला माणूस. एकाला विचारलं, तो म्हणाला, "येडगडे होगी." मला पहिलाच शब्द ऐकू आला, आणि आमच्या गावाकडे 'येडं' कुणाला म्हणतात ते काय सांगायला हवं! पुढे हॉटेलात कॉफी पिताना कळलं, येडगडे म्हणजे डावीकडे. तोवर मी रागारागाने उजवीकडे बरीच चालून गेले होते.

पेठ म्हटल्यावर पुण्याच्या माणसाला वाटतं, हे आपल्याला येतं. आपल्या पेठांना वारांची नावं. इथे पेटेला मालाचं नाव. अक्कीपेटे तांदळाची. बळेपेटेत काहीतरी बळेबळे गळ्यात मारत असावेत अशी माझी समजूत, तर बळे म्हणजे बांगड्या. चिक्क म्हणजे लहान, दोड्ड म्हणजे मोठं. त्या दोड्डपेटेला आज सगळे अव्हेन्यू रोड म्हणतात. १५३७ साली केंपेगौडाने शहर वसवलं तेव्हा चिकपेटे-दोड्डपेटेच्या चौकातून चारी दिशांना नांगर धरले आणि बैल जिथे थांबले तिथवर गाव, अशी कथा आहे. मी त्या चौकात उभी राहून बैल डोळ्यांसमोर आणायला लागले, पण मागून रिक्षाने हॉर्न वाजवला तो अजून थांबलेला नसावा.

"गौरीमहाल?" मी पहिल्या दुकानात विचारलं. दुकानदाराने आदराने वर बोट केलं. "सेकंड फ्लोर, अम्मा." अरुंद जिना चढून गेले तर पांढऱ्या गादीवर साड्यांचे ढीग. महाल म्हटला की रेशमी साड्यांचं दुकान, ही इथली साधी समजूत. अशा तीन महालांत मी जाऊन आले. तिसऱ्यात पाय दुखायला लागले म्हणून बसले, आणि बसले म्हणून त्यांनी साड्या उलगडल्या.

खाली उतरताना जिन्याखाली शिवणयंत्र घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या शिंप्याला शेवटचं विचारलं, हिंदीत. त्याने चष्म्यावरून पाहिलं.

"पुण्याकडच्या काय तुमी?"

मी तिथल्या स्टुलावर बसलेच. ते भावसार क्षत्रिय. बंगळूरच्या पेटेत या रंगारी-शिंप्यांची जुनी वस्ती, घरात अजून मराठी. "आमचं मराठी ऐकून हसाल," म्हणाले. हसायचं काय, त्यात कानडीचा हेल होता एवढंच. त्यांचे पूर्वज कधी आले? "राजासंगट आले म्हणायचे. कुठला राजा, ते विचारायला आज्जा नाही आता."

बोलता बोलता त्यांनी एका गिऱ्हाइकाला तमिळमध्ये झापलं, दुसऱ्याला तेलुगूत उधारीची आठवण केली, चहावाल्याशी कानडी आणि परत माझ्याशी मराठी. मला वडिलांच्या कपाटातलं 'राधामाधवविलासचंपू' आठवलं. शहाजीराजांच्या इथल्या दरबारातला कवी जयराम पिंड्ये, त्याचं काव्य इतिहासकार राजवाड्यांनी १९२२ साली छापलं. जयराम अनेक भाषांत रचना करायचा हे वाचून मला ते पंडिती मिरवणं वाटलं होतं. या गल्लीत बसल्यावर वाटलं, त्याला पर्याय काय होता?

"आणि महाल?"

"महाल नाही हो अम्मा. दुकानंच. माझ्या आज्ज्यानंबी बघितला नाही."

विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजांनी १६३८ मध्ये हे शहर घेतलं, जहागीर म्हणून ते त्यांच्याकडे आलं. त्यांचे धाकटे चिरंजीव व्यंकोजी पुढे तंजावरला रमले. इथला कारभार तिथून आवरेना, म्हणून तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांना विकायचं ठरवलं. व्यवहार पुरा व्हायच्या आत १६८७ मध्ये मोगलांच्या कासिमखानाने गाव घेतलं, आणि शेवटी तेवढ्याच रकमेला ते वडेयरांकडे गेलं. तीन लाख! माझ्या मुलाच्या सोसायटीत तेवढ्यात गाडी लावायची जागा येईल का, शंका आहे.

शिंपीकाकांनी किल्ला तरी पाहा म्हणून बजावलं. मार्केटजवळ जुन्या किल्ल्याचा दिल्ली दरवाजा तेवढा उरला आहे, भक्कम दगडी. तटाला इंग्रजांनी खिंडार पाडलं त्या २१ मार्च १७९१ ची पाटी आहे. त्या युद्धात आपले मराठे सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन टिपूविरुद्ध इंग्रजांच्या बाजूने होते. इथल्या हल्ल्यात ते नव्हते, मागाहून येऊन मिळाले. तरी पाटीसमोर फोटो काढताना मी जरा बाजूला सरकले.

घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. सुनेने दार उघडलं.

"मिळाला का महाल, आई?"

"दुसऱ्या मजल्यावर," मी म्हटलं आणि साडीची पिशवी तिच्या हातात दिली.