कंसात काहीच नाही

आइसलँडच्या 'सिगुर रोस' या बँडचा एक अल्बम २००२ साली आला. त्याला नाव म्हणून फक्त दोन कंस आहेत, ( ), आणि मध्ये मोकळी जागा. आत आठ गाणी आहेत, त्यांनाही नावं दिलेली नाहीत. सीडीबरोबरच्या पुस्तिकेची पानं कोरी. ऐकणाऱ्याने आपल्याला सुचेल ते त्यावर लिहावं, अशी कल्पना.

आणखी एक गंमत आहे. गायक योन्सी या अल्बममध्ये कुठल्याच भाषेत गात नाही. जे ऐकू येतं ते नुसते स्वर आणि अक्षरांसारखे आवाज. बँडने या बोलीला 'वॉनलेन्स्का' असं नाव दिलंय. आइसलँडच्या भाषेत 'वॉन' म्हणजे आशा.

मला हा अल्बम माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलाने ऐकवला. पण आमच्या घरात तो रुजला माझ्या बाबांमुळे.

बाबा बडोद्यात मराठी शाळेत गणित शिकवायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय बरेचसे सावरले, पण वाचा गेली. डॉक्टर याला अफेजिया म्हणतात. समोरच्याचं बोलणं बाबांना समजतं, पण स्वतःला हवा तो शब्द सापडत नाही. पाणी हवं असतं आणि तोंडून 'खिडकी' येतं. दुसराच शब्द आला, हे सगळ्यात आधी त्यांनाच कळतं आणि चेहरा पडतो.

स्पीच थेरपिस्टने सांगितलं, "ओळखीची गाणी लावा. बोलता येत नाही अशा पुष्कळ लोकांना गाता येतं." आम्ही नाट्यगीतं लावली, भीमसेनजींचे अभंग लावले. मुखडा छान जमायचा. अंतऱ्यात एखादा शब्द अडला की बाबा गप्प व्हायचे, मान फिरवून घ्यायचे. जी गाणी पन्नास वर्षं पाठ होती, तीच आता परीक्षा घ्यायला लागली होती.

एका दुपारी मुलाने हॉलमधल्या स्पीकरवर हा अल्बम लावला. संथ पियानो, ऑर्गन, व्हायोलिन, आणि गिटारचा एक लांबच लांब सूर. योन्सी गिटार चेलोच्या गजाने वाजवतो, त्यामुळे ती छेडल्यासारखी वाटत नाही, वाऱ्यासारखी वाहते. तिसऱ्या गाण्यापर्यंत बाबा डोळे मिटून गुणगुणायला लागले होते. सूर थोडा इकडेतिकडे होता, पण ते थांबले नाहीत. थांबायचं कुठे? इथे अडायला शब्दच नव्हता.

आपल्याला हे अगदी परकं वाटायचं कारण नाही. तराण्यात 'तोम', 'देरे', 'दानी' असे बोल येतात. उस्ताद अमीर खाँ त्या बोलांमागे फारसी अर्थ आहे असं मानायचे. पण आपण तराणा ऐकतो तेव्हा अर्थ विचारत बसत नाही. फरक एवढाच, तराणा बहुधा द्रुत लयीत धावतो आणि हा अल्बम विलंबित ख्यालासारखा सावकाश उलगडतो. पहिली चार गाणी मवाळ आहेत. मग छत्तीस सेकंद पूर्ण शांतता. पुढची चार जास्त गंभीर. शेवटचं गाणं जवळजवळ बारा मिनिटांचं आहे. ते अगदी हळू सुरू होतं आणि शेवटी ड्रम्सचं वादळ उठतं. तेव्हा बाबा खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरतात.

घरात सगळ्यांनाच तो आवडतो असं नाही. माझी वहिनी म्हणते, "ताई, हे ऐकून मला झोप येते." मुलगा गिटारसाठी ऐकतो. मी बाबांकडे बघत ऐकते.

एकदा मुलाने फोनवर अल्बमचं मुखपृष्ठ त्यांना दाखवलं. बाबांनी दोन्ही कंसांवरून बोट फिरवलं आणि हसले. मला आमच्या शाळेतलं 'कंचेभागुबेव' आठवलं. बाबा वर्गात सांगायचे, आधी कंस सोडवा, मग पुढे जा. या कंसात सोडवायला काहीच नव्हतं.

हे काही औषध नाही. बाबांची वाचा यामुळे परत आलेली नाही. माझं नाव घ्यायला गेले तर अजूनही आत्याचं नाव येतं. पण पूर्वी आम्ही दोघं शेजारी बसलो की मधली शांतता फार जड व्हायची. काहीतरी बोलायला हवं असं मला वाटायचं, आणि त्यांनाही वाटत असणार. आता सव्वा तास एकत्र बसता येतं, आणि कुणी काही बोललं नाही तरी चालतं.

तुमच्याही घरात कुणी बोलेनासं झालं असेल, आजाराने, वयाने किंवा अबोल्याने, तर एकदा लावून बघा. हेडफोन नको, स्पीकरवर लावा, म्हणजे दोघांना ऐकू येईल. पहिल्या पाच मिनिटांत कंटाळा आला तर जरा धीर धरा. आवडलं नाही तर बंद करा, काही बिघडत नाही.

आमच्याकडे चारच्या चहानंतर बाबा स्पीकरकडे बोट दाखवतात. ते काय म्हणतायत, हे विचारावं लागत नाही.